सप्तमीचा टोप

लेकाच्या, केतनच्या, कोंबड्यांच्या शेडमध्ये गुणवंतीचा जीव अडकला होता. नवरा भिवा आठ वर्षांपूर्वी बोटीवर गेला, तो परतलाच नाही. पोरगा तरी पाण्यापासून लांब राहावा म्हणून ती सोमवार, चतुर्थी, सगळं पाळायची. २००३ साली केतननं घरामागे ब्रॉयलर कोंबड्यांची तीनशे पिल्लं घातली, तेव्हा देवानं ऐकलं असंच तिला वाटलं.

बाजारचं खाद्य परवडेना, तेव्हा युक्ती त्यानंच काढली. आंब्याचा रस काढणाऱ्या कारखान्यातल्या टाकाऊ कोयी आणायच्या, फोडून आतला गर उकडायचा, कडू पाणी फेकायचं, गर चुलीच्या उबेला सुकवून भरडायचा आणि कणी-कोंड्याबरोबर खाद्यात मिसळायचा. उकडणं-सुकवणं गुणवंतीकडे. पाखरं अंगानं छान भरत होती.

"वयनी, पोराला कोंबड्यांचा कारकून केलास गो!" दीर आत्माराम हसायचा. हर्णेला त्याची बोट होती. "नारळी पुनवेला धाड माझ्यासंगती."

"ही बॅच नीट वाढली तर नाय येणार, काका," केतन म्हणायचा. "गणपती गेले की दापोलीचा हॉटेलवाला सगळी उचलतोय. नाय वाढली, तर तुमची जाळी ओढीन."

श्रावणात शिळासप्तमी आली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तिची पूजा करायची, आदल्या दिवशीचं शिळं खायचं. लेकरांसाठीचं शितळादेवीचं व्रत. गुणवंतीनं षष्ठीला सकाळीच स्वयंपाकाबरोबर दोन दिवसांचा गर उकडून टोपात झाकून ठेवला. मग पूजेसाठी चूल विझवून सारवली. बाहेर पाऊस, चुलीत विस्तव नाही, तर सुकवणार कशावर?

सप्तमीच्या संध्याकाळी झाकण काढलं तर आंबूस वास आला. दुपारच्या आपल्या पानातही असाच वास होता की, तिनं मनाशी म्हटलं. आपल्याला बाधलं नाही, पाखरांना काय बाधतंय? शितळाआई बघेल. तिनं टोप पाखरांपुढे रिकामा केला.

अष्टमीला उजाडलं तर पाखरांनी माना टाकलेल्या. दशमीपर्यंत शेडमध्ये वीससुद्धा उरली नाहीत. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "ओलं राहून आंबलंय. बुरशी धरलेलं घातलंत कसं?"

"माझाच चुकला," केतन पटकन म्हणाला. "कोयींचा नादच नको होता."

परड्यात मेलेल्या पाखरांचा खड्डा बुजवून झाल्यावर गुणवंती त्याच्याजवळ गेली.

"तुझ्या कोयी चांगल्या होत्या रे. मीच ओला गर घातला. चूल पेटवायची नव्हती ना..."

"ठाऊक हाय, आये. टोप मीच घासला."

"मग बोलत का नाहीस? शिव्या तरी घाल!"

"कुणासाठी नाय पेटवलीस चूल?" एवढंच विचारून तो हात धुवायला गेला.

नारळी पुनवेला हर्णेच्या किनाऱ्यावर आत्मारामनं एकही थट्टा केली नाही. केतननं पूजेचा नारळ आईच्या हाती दिला. दर्या शांत राहू दे, इतकंच म्हणायचं होतं. पण रोज देवाकडे काहीतरी मागणाऱ्या गुणवंतीचे ओठ हलेनात. बोटीवरून हाका येत होत्या. अखेर केतननंच तिच्या हातांना हात लावून नारळ पाण्यात सोडला आणि तो बोटीकडे चालू लागला.