व्हायनी जिथं बसली

टेक्सासच्या पूर्वेकडं, नदीच्या वळणावर अकरा माणसांचं व्हायनी बेंड. नगरपालिका नाही, महापौर नाही. नाही तर नाही, अडलंय कुणाचं? पण जिल्हा कचेरीनं नकाशातून नावच काढायचं ठरवलं, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या व्हर्डेल टार्व्हरच्या अंगाचा तिळपापड झाला.

कचेरीतली मिस हास्केल तिच्या ओसरीवर येऊन बसली. "गाव कसं वसलं ते शुक्रवारपर्यंत लेखी द्या, मॅडम. नाहीतर माझा इलाज नाही."

लेखी कुठून आणायचं? गुलामीतून सुटलेल्या पूर्वजांनी पहिली जमीन घेतली, तिचे कागद गोऱ्यांनी जाळले. तेव्हापासून गावाची हकीकत तोंडातच ठेवलेली. ती म्हणायची फक्त दफनाच्या वेळी, थडग्याशी उभं राहून. एरवी म्हटली तर घरात मरण येतं, असा धाक. आणि अख्खी हकीकत पाठ असलेली आता एकटी व्हर्डेल उरली होती.

"आत्या, कुणी जाईपर्यंत थांबू की," पुतण्या रॉस्को म्हणाला.

"शुक्रवारपर्यंत कोण जातंय? तू जातोस?"

काठी टेकत ती दोघांना घेऊन दफनभूमीत गेली. नवऱ्याशेजारी स्वतःसाठी राखलेल्या जागेशी उभी राहिली. "लिही गं पोरी. आज माझं दफन आहे."

रॉस्कोचा चेहरा खर्रकन उतरला.

"सात घरं चालत आली," व्हर्डेलनं सूर लावला. "एक खेचर, दोन कढया. टार्व्हर, मोझली, पेटिग्रू..." सातही नावं तिनं न अडखळता घेतली. "या वळणावर पोटुशी व्हायनी खाली बसली. म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलं तिथं गेले. आता मी सांगते. इथंच राहायचं. ज्याला हाकलायचंय त्यानं यावं. ते घोड्यांवरून आले. दोनदा आले. दोनदा घरं जाळली. दोन्ही वेळा सातच्या सात उभी राहिली."

मिस हास्केलचं पेन थांबलं होतं.

"लिही," व्हर्डेल दरडावून म्हणाली. "त्यासाठीच मरतेय मी." अभिमानानं तिचा ऊर भरून आला होता.

शेवटी जवळच्या माणसानं मूठभर माती टाकायची असते. रॉस्को हलेना.

"टाक रे. म्हातारी आज ना उद्या जाणारच. गाव नाही जायचं."

त्यानं डोळे पुसत माती टाकली. व्हर्डेलनं मजकुराखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, चांगलं ठळक.

"चल पोरी," ती म्हणाली, "मेलेल्या बाईच्या हातचं जेवून जा."