मोरपंखी खणांचं ड्रेसिंग टेबल

मी ड्रेसिंग टेबल बोलतोय. नाव इंग्रजी असलं तरी जन्म अस्सल भाईंदरचा. खाडीच्या बाजूला ईश्वर मिस्त्रीचा पत्र्याचा कारखाना होता, तिथे १९८९ साली प्लायवूड, सागाची चौकट, तपकिरी सनमायका आणि उभा आरसा यांतून मी तयार झालो. उजवीकडे तीन खण, डावीकडे बांगड्या ठेवायला उघडं फडताळ. ईश्वरने शेवटचा खिळा ठोकला, आरशात बघून स्वतःच्या मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "जा बाबा, चांगल्या घरी पड."

पडलो चांगल्याच घरी. आत्माराम आणि वासंती या नवरा-बायकोने लालबागची एका खोलीची जागा विकून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये फ्लॅट घेतला होता. आत्माराम विमा कंपनीत नोकरीला. आयुष्यभर त्यांच्या घरात एकच आरसा, तोही मोरीजवळच्या खिळ्याला. दाढी, वेणी, टिकली, पावडर, सगळ्यांचा नंबर त्याच आरशासमोर लागायचा. नव्या घरात बेडरूम मिळाली तेव्हा वासंतीने आधी कपाट मागितलं नाही, पलंग मागितला नाही. म्हणाली, "मला बसून वेणी घालायचीय. उभ्याने घालून घालून पाठ मोडली माझी."

म्हणून मी आलो. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत मी कुणाच्या डोळ्यांत भरावं असं काही नव्हतं. बिल्डरने दिलेला फिकट चुना, तपकिरी कपाट, तपकिरी मी. वासंती सकाळी माझ्यासमोर बसायची, वेणी झाली की उठायची. एवढंच.

मला रंगरूप दिलं ते त्यांच्या मुलीने, रसिकाने. ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी तिने माझे तिन्ही खण बाहेर काढून बाल्कनीत मांडले, पॉलिश पेपरने घासले आणि मोरपंखी ऑइल पेंटने रंगवले. आरशामागच्या भिंतीवर माझ्याच रुंदीचा एक पट्टा हळदी पिवळा केला. मग जुन्या स्टुलावर स्पंज घालून, शिंप्याकडून आणलेल्या मखमलीच्या तुकड्याने त्याला राणी रंगाची गादी शिवली. आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन बल्ब लावले, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला सावली पडायला नको.

आत्माराम ऑफिसमधून आले आणि दारातच थबकले. "अगं, बेडरूम आहे की रंगपंचमी?"

"बाबा, नीट बघा ना," रसिका म्हणाली. "तीनच ठिकाणी रंग लावलाय. बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. सगळीकडे लावला असता तर एकही दिसला नसता."

आत्माराम पलंगाच्या कडेवर बसून बराच वेळ बघत राहिले. मग उठून माझ्यासमोर आले, कंगव्याने उरलेसुरले केस मागे सारले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यावर सांगून आले, "आमच्या मुलीने काय केलंय, बघायला या."

बायका बघायला आल्या. समोरच्या मेहताबेन आल्या, राणी रंगाच्या स्टुलावर बसल्या आणि उठेचनात. "रसिका बेटा, मेरी हेतल का सगाई है, इधर ही तैयार कर दे ना उसको. कितना मस्त कोना बनाया है!" रसिकाने हेतलला तयार केलं. त्या मुलीचा चेहरा मूळचा तरतरीत, पण डोळे खोल. रसिकाने काजळ बारीक ठेवलं, वरच्या पापणीवर हलका जांभळा रंग फिरवला. हेतलने आरशात बघितलं आणि स्वतःलाच हसली. असं हसू मी पहिल्यांदा पाहिलं. माणसं आरशात सहसा उणीव शोधायला बघतात.

त्यानंतर रसिकाने दादरला ब्यूटीशियनचा कोर्स केला आणि आमची बेडरूम सकाळ-संध्याकाळ गजबजू लागली. नया नगरमधून निकाहच्या नवऱ्या मुली यायच्या, भाईंदरहून मारवाडी सुना यायच्या, बारशाला निघालेल्या आज्या यायच्या. खणांत लिपस्टिक, पिना, आकडे, चमकी. फडताळावर सगळ्या रंगांच्या बांगड्या. मला तर वाटायला लागलं, आपण फर्निचर नाही, घरातले कमावते आहोत.

आणि मग तो डाग आला.

चौऱ्याण्णवची दिवाळी होऊन गेली होती. रसिकाच्या डाव्या अंगठ्याजवळ चुन्याचा ठिपका उडावा तसं काहीतरी दिसलं. तिने पुसलं, ते गेलं नाही. थंडी सरेपर्यंत दोन्ही हातांची बोटं पांढरी पडू लागली आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातूनही रंग निघून गेला. बोरिवलीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "हे कोड आहे. जिवाला धोका नाही, कुणाला लागत नाही. औषध देतो, पण किती पसरेल ते मी सांगू शकत नाही."

डॉक्टरांनी शब्द उच्चारला, पण घरात तो कुणी उच्चारेना. वासंती नुसतं "ते" म्हणायची. "ते वाढलंय का गं? त्याला बावचीचं तेल लावलंस का?" मासे बंद झाले, दही बंद झालं, कुणी सांगेल ते सुरू झालं. लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती, तेही थांबलं. एक दिवस वासंतीने जुन्या चादरीचा पडदा शिवून माझ्या आरशावर टाकला. "धूळ बसते," म्हणाली. धूळ कसली! लेकीला तिचा चेहरा दिसू नये म्हणून आईची धडपड होती ती. मी चादरीआडून नुसतं ऐकत असे.

गिऱ्हाइकं एकदम तुटली नाहीत. आधी तारखा बदलल्या, मग निरोप यायचे थांबले. मेहताबेन जिन्यात भेटल्या की हसायच्या, पण घरात यायच्या नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं, हे रसिकाला दारातला मांडव बघून कळलं, आणि तिला सजवायला बोरिवलीहून बाई आली.

त्या संध्याकाळी रसिका खोलीत आली, दार लावलं आणि चादर ओढून काढली. बऱ्याच दिवसांनी आम्ही समोरासमोर आलो. तिने दोन्ही बल्ब लावले, फाउंडेशनच्या बाटल्या काढल्या, दोन छटा मिसळून ओठाच्या कोपऱ्यावर, मग बोटांवर बसवल्या. हात बसलेला होता तिचा. डाग असे बुजले की मलासुद्धा जागा सापडेना. तेवढ्यात वासंतीने चहाला हाक मारली. रसिका चहा पिऊन, कप विसळून परत आली, तर ओठाचा अर्धा रंग कपाला आणि बोटांचा मोरीत.

ती स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली. रडेल असं मला वाटलं होतं.

"आई," तिने आतूनच हाक मारली, "हे रोज बुजवत बसले तर लोकांचा मेकअप कधी करू गं?"

वासंती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पांढरे सुती हातमोजे होते. बाजारातून आणून ठेवलेले, द्यायचं धाडस होत नव्हतं. "निदान हे घालून काम कर," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सांग, रंगाची ॲलर्जी आहे."

आईचं मन मोडवेना म्हणून रसिकाने ते घातले. चादर मात्र पुन्हा माझ्यावर पडली नाही.

हातमोज्यांवर दोन-चार कामं मिळाली. त्यातलंच एक उत्तनच्या शालूचं. शालू कोळ्यांची मुलगी, भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसात कामाला. मैत्रिणीकडून नाव ऐकून ती स्वतः येऊन लग्नाचा दिवस सांगून गेली. उत्तनचं घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, म्हणून सकाळी इथेच येऊन तयार होते म्हणाली.

लग्नाच्या सकाळी जीपमधून शालू आली. अंगावर हळद, बरोबर तिची आत्या. आत्या म्हणजे धिप्पाड, खणखणीत बाई. डोक्यात अबोली, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. शालू माझ्यासमोर बसली. रसिकाने ब्रश हातात घेतला, भुवईवर टेकवला आणि थांबली. मोज्याच्या कापडातून ब्रश घसरत होता.

तिने ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही मोजे काढून टाकले.

"रसिका!" दारातून वासंतीचा दबका आवाज आला. "आजचा दिवस तरी..."

"आई, मोज्यात रेघ सरळ येत नाही." मग ती शालूकडे वळली. दोन्ही हात तिच्यासमोर, बल्बच्या उजेडात धरले. "बघून घे. हे कोड आहे. ओठाजवळही आहे. लागत नाही कुणाला, पण तुला आधीच सांगायला हवं होतं. चालत असेल तर सुरू करते. नसेल तर या बिल्डिंगच्या मागे दुसरं पार्लर आहे, मी स्वतः नेऊन पोचवते. राग मानणार नाही."

आत्या ताडकन उठली. "न्हाय, न्हाय! शुभ काम हाय. ही बाय नवरीला हात लावनार? शालू, ऊठ!"

वासंतीने दाराची चौकट घट्ट धरली. शालू उठली नाही. आरशातूनच तिने आत्याकडे पाहिलं.

"आत्ये, तुजे हात बग जरा. बर्फानं नि मिठानं सोललेले. त्याच हातांनी काल मना हलद लावलीस ना? मी बोलली काय, तुजे हात बरे न्हाय?"

आत्या स्वतःच्या हातांकडे बघत उभी राहिली.

"माजं मासलीनं झालंय," ती पुटपुटली.

"तिचं तिच्या कातडीनं झालंय," शालू म्हणाली. "बस तू. उशीर होतो. ताई, लाव गो."

रसिकाने ब्रश उचलला. बोटं उघडी होती, रेघ सुतासारखी सरळ आली. आत्या पलंगावर बसून एकेक हालचाल डोळ्यांत तेल घालून बघत होती. जणू पापलेटाचा सौदा चाललाय. हळूहळू शालूचा चेहरा उजळत गेला. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, केसांत सोनेरी वेणी. शेवटी रसिका बाजूला झाली आणि शालू माझ्यात भरून उरली.

आत्याने तिची दृष्ट काढली. मग खाकरून, दुसरीकडेच बघत रसिकाला म्हणाली, "बाय, माजी पन वेनी जरा सरल लाव. इकडं वाकडी झालीय."

रसिकाने तिची वेणी नीट लावली. त्या बाईने मान तसूभर हलवली नाही.

जीप गेली. वासंती दारात उभीच होती. समोरच्या दारातून मेहताबेन डोकावल्या, "कौन था, इतना आवाज आ रहा था?" आणि आजवर कधी न घडलेली गोष्ट घडली. वासंती भर जिन्यात मोठ्याने म्हणाली, "उत्तन की दुल्हन थी. मेरी बेटी ने तैयार किया. मेहताबेन, मेरी बेटी को कोड है. छूने से नहीं होता. विश्वास नहीं तो डॉक्टर का नंबर देती मैं."

मेहताबेन गडबडल्या. "अरे नहीं नहीं, वासंतीबेन, मैंने कब कुछ बोला?"

"बोला नहीं, इसलिए तो मैं बोली."

आत येऊन तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि दोघी मायलेकी तिथेच, माझ्या पायाशी फरशीवर बसून गार झालेला चहा प्यायल्या.

उत्तनच्या आत्याने मासळीच्या टोपलीबरोबर बातमी गावभर नेली. त्या मोसमात उत्तनहून, मग गोराईहून एकामागून एक नवऱ्या मुली आल्या. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मेहताबेन पुन्हा येऊ लागल्या, पण मेकअपला नाही, गप्पांना. स्थळं येत, चहा पिऊन जात. एकदा एका मुलाच्या आईने "कपड्याखाली कुठे आहे का?" असं विचारलं, तेव्हा आत्मारामांनीच पाहुण्यांच्या चपला दाराकडे वळवून ठेवल्या. पुढे रसिका म्हणाली, "बाबा, घाई नाही. मला आधी दुकान बघायचंय."

अठ्ठ्याण्णव साली तिने स्टेशनच्या रस्त्याला एक गाळा भाड्याने घेतला. टेम्पोतून मीही गेलो. तिथे भिंतभर नवे आरसे आहेत, फिरत्या खुर्च्या आहेत. माझ्या आरशाच्या कडेला पारा उडालाय, एक खण अडकतो. तरी नवरी मुलगी आली की रसिका तिला माझ्याचसमोर बसवते.

उद्घाटनाच्या आधी दर्शनी काचेत लावायला फोटो हवा होता. लवू फोटोग्राफर आला. तिला पिवळ्या साडीत माझ्या शेजारी उभं करून त्याने फोटो काढला आणि प्रिंट घेऊन आला. भला माणूस होता. हळूच म्हणाला, "ताई, ओठाजवळचं आणि हाताचं ब्रशने बुजवून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळू दे ना," रसिका म्हणाली.

फोटो आहे तसा लागला. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया काचेपाशी थांबतात, डोळे बारीक करून बघतात. काही जणी पुढे निघून जातात. बऱ्याच जणी दार ढकलून आत येतात आणि विचारतात, "फोटोतल्या त्या तुम्हीच ना?"

"मीच," ती म्हणते. "बसा."

तुम्हीही या कधी इकडे. चेहरा जसा असेल तसा घेऊन या. फक्त लग्नसराईत आलात तर थोडं थांबावं लागेल, नंबर असतात आमच्याकडे.