शिंगाच्या मुठीतला भुसा

दसऱ्याच्या दुपारी देवळापुढे अख्खं गाव गोळा झालं होतं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पितळी परातीशेजारी तीन विळे मांडले होते. तिन्हींच्या शिंगाच्या मुठी भोकाभोकांनी पोखरलेल्या. परातीमागे मांत्रिक मारोतराव महाराज अर्धे डोळे मिटून बसले होते आणि उरलेल्या अर्ध्यांनी गर्दी मोजत होते. टोनही, म्हणजे चेटकीण, असल्याच्या संशयावरून विधवा रंभाबाईला खांबाशी बसवलं होतं. तिच्यामागे उभ्या सोमाजीच्या हातात वरवंटा होता.

"शिंग रेड्याचं, रेडा यमाचं वाहन!" महाराज गरजले. "यमाच्या वाहनाले जे टोनही खाते, थे तुमच्या लेकराले सोडन का?"

यमाचं वाहन भात कापायला कधीपासून लागलं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. सोमाजीने पूजेसाठी विळे काढले तेव्हा मुठीतून भुसा गळाला. शेजारच्या दोन घरांतही तेच झालं. त्यातच सोमाजीचा बैल मेला आणि गाव हादरलं. गेल्या हंगामात या तिन्ही घरी भात कापायला रंभाबाई होती, एवढा पुरावा पुरला.

मागे भिंतीला टेकून धनीराम उभा होता. हे विळे त्याच्याच हातचे. लाकडी मूठ बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्याने फुगते, शिंगाची फुगत नाही, म्हणून सानगडीच्या बाजारात त्याचा माल हातोहात खपे. भोकं पाहताच त्याने रोग ओळखला होता. पण धनीरामच्या मुठीला कीड लागते असा बोभाटा झाला तर? दोन दिवस तो तोंड शिवून बसला.

ज्या बाईच्या नावाला भुसा पडेल ती टोनही, असं सांगून महाराजांनी एका विळ्याची मूठ परातीवर उलटी धरली. "आनंदाबाई!" काही नाही. "मालनबाई!" काही नाही. "रंभाबाई!" आणि परातीत पिवळट भुसा भुरभुरला. गर्दीतून कळ उठावी तसा आवाज आला.

"इचे दात पाडा," महाराज शांतपणे म्हणाले. "दात पडले का मंत्र गेला."

सोमाजी पुढे सरकला. रंभाबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते पाहून धनीरामची लाज बोभाट्याच्या भीतीहून मोठी झाली.

"थांब गा, सोमाजी!" तो गर्दी सारत पुढे आला. त्याने दुसरा विळा उचलला आणि मूठ उलटी धरली. "घे रंभाबाईचं नाव."

सोमाजीने नाव घेतलं. भुसा पडला नाही.

"आता महाराजाचं घे."

"मारोतराव महाराज," सोमाजी चाचरत म्हणाला. परातीत भुसाच भुसा.

"म्हंजे टोनहा हाच!" कोणीतरी ओरडलं. लोक महाराजांकडे वळले. महाराजांचे डोळे आता पूर्ण उघडले.

"अरे, त्यानं बी नाई खाल्ली मूठ!" धनीराम आडवा झाला. "माहा अंगठा पाहा. भोकावर दाबला का भुसा थांबते, उचलला का पडते. हेच करून राहिला होता हा."

मग त्याने पटाशीने मूठ उभी फोडली. आत केसाळ, तपकिरी अळ्या वळवळत होत्या.

"हे पाहा तुमची टोनही. सोमाजी, इळे कायच्यात बांधून ठेवले होते?"

"घोंगडीच्या तुकड्यात. दरवर्षीच बांधतो. लक्ष्मी होय थे, उघडी कशी ठेवाची?"

"हा किडा लोकर खाते, कातडं खाते, शिंग खाते. तुमी भक्तीनं त्याले घर देलं आन् दहा महिने झाकून ठेवलं. मूठ साफ पुसा, सुती फडक्यात गुंडाळा, डांबरगोळ्या टाकून डब्यात बंद करा. आन् महिन्याले उघडून पाहा. बैल कायनं मेला, थे ढोरांच्या डॉक्टरले इचारा."

महाराजांनी परात उचलली आणि मागच्या वाटेने पाय काढला. वरवंटा सोमाजीच्या हातून केव्हा खाली गेला, कोणी पाहिलं नाही.

रंभाबाई उठली. "धनीरामभाऊ, तुमाले हे कधीपासून ठाऊक होतं?"

"परवापासून," तो खाली बघत म्हणाला.

"मंग दोन दिवस काहून गप्प होते जी?"

धनीराम वाकून फोडलेल्या मुठीचे तुकडे गोळा करू लागला. ती एकटीच घराकडे गेली आणि तिच्यासाठी वाट सोडताना एकाही माणसाने मान वर केली नाही.

बुवा तर लबाडच असतो. पण ज्याला खरं ठाऊक आहे तो गप्प राहिला, तरच बुवाचं फावतं. म्हणून वाचकहो, भोक दिसलं तर मूठ फोडून आत पाहा. आणि दिसेल ते त्याच दिवशी, चार लोकांत, मोठ्याने सांगा.