ओट्याची कड

मी पालथा पडलेला एक पाषाणपुतळा बोलत आहे. आमच्या बेटावर तुम्ही याल तेव्हा उभे पुतळे पाहाल. माझी केवळ पाठ दिसेल, आणि पुष्कळांना ती पाठ आहे हेही उमगत नाही.

ज्वालामुखीच्या उतारावर मला कोरले. एका मृत कुळप्रमुखाचा चेहरा मला दिला आणि ज्या ओट्यात त्याच्या अस्थी होत्या, त्याच ओट्यावर वस्तीकडे तोंड करून मला उभे केले. अस्थींची राखण हेच माझे काम. पुढे कुळाकुळांत वैर माजले आणि शत्रूंनी मला ओट्याच्या उतरणीवर तोंडघशी पाडले. तेव्हापासून मी केवळ ऐकतो.

त्याच कुळातला तेपानो रोज सकाळी येतो. वयामुळे सारे त्याला ‘कोरो’, म्हणजे बाबा, म्हणतात. समुद्राकडे पाय सोडून तो ओट्याच्या कडेला बसतो. त्याची भाची हेनुआ येथील राखणदार आहे. एकदा एक पाहुणा माझ्यावर बसला.

“उतरा हो खाली. ते आमचे पणजोबा आहेत,” हेनुआ त्याला म्हणाली.

“मला वाटलं, नुसता दगड आहे.”

“असू दे गं,” कोरो म्हणाला. “दमलेला पाहुणा आधी बसायलाच जागा शोधतो.”

गेल्या हिवाळ्यात लाटांनी ओट्याचा एक कोपरा ढासळवला. कुळातली माणसे जमली. त्यांनी अस्थी वेचल्या, पांढऱ्या कापडात बांधल्या आणि टेकडीवर नेऊन पुरल्या. मला नेणे जमले नाही. उचलणाऱ्या यंत्राचा भार या भुसभुशीत किनाऱ्याला पेलला नसता.

“मामा, आता इथं राहिलंय काय? वर टेकडीवर बसत जा.”

“वर सगळे आहेत. इथं हा एकटा पडलाय.”

“त्याला काय कळतंय?”

“तुझ्यापेक्षा तरी जास्तच कळत असेल.”

हेनुआ हसली आणि निघून गेली. मला मात्र खरोखरच कळते, आणि तेच माझे दुःख आहे.

अस्थी होत्या त्या पोकळीत आता लाट शिरते आणि परतताना थोडे खडे, थोडी माती घेऊन जाते. पोटाखालून मला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. ती पोकळी सरकत सरकत कोरो बसतो त्या दगडाखाली पोहोचली आहे. वरून दगड भक्कम दिसतो. हेनुआला ठाऊक नाही, त्याला तर नाहीच. मला ओठ आहेत, पण ते मातीत रुतलेले आहेत.

मृतांची राखण मी शतकानुशतके केली. या एका जिवंत माणसासाठी मला बोटही हलवता येत नाही.

म्हणून तुम्हांला विनवितो. येथे आलात तर मला कोणी घडवले, कसे आणले, हे विचारू नका. म्हाताऱ्याशी बोला. त्याला गप्पांची हौस आहे. बोलता बोलता त्याचा हात धरा आणि त्याला चार पावले आत, जमिनीकडे घेऊन या. फार उशीर करू नका. आज भरती मोठी आहे, आणि तो नुकताच येऊन बसला आहे.