पायाच्या सुजेवरची गोळी

सिद्धलिंगप्पा न्हाणीच्या दारात पडले, कपाळाला टाके पडले, तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. त्यांचं भुसाराचं दुकान बसू, त्यांचा मुलगा, चालवत होताच. आता त्यांनी तिकडे जाणंही सोडलं. सकाळभर डोळे जड, पाय लटपटणारे.

अक्कम्माला मात्र नवऱ्याचं हे म्हातारपण एकाएकी आल्यासारखं वाटलं. तिनं त्यांना जुळे सोलापूर भागातल्या डॉक्टर देवयानींकडे नेलं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीतून टेबलावर ओतल्या.

"काकू, सुरुवातीपासून सांगा. आधी कोणती आली?"

"बीपीची ही नवी. मग पाय सुजले. दुसऱ्या डॉक्टरांनी ही दिली, लघवी होऊन सूज उतरायला. मग रात्रभर उठबस, झोप न्हाई. म्हणून तिसऱ्यांनी झोपेची दिली. आणि मग हे पड..." अक्कम्मा मधेच थांबली.

"तुम्हीच शोधलंत की!" डॉक्टर म्हणाल्या. "सूज बहुतेक त्या पहिल्या गोळीचीच."

त्यांनी तपासलं, जुने रिपोर्ट पाहिले. बीपीची गोळी बदलली, लघवीची थांबवली. "झोपेची एकदम सोडायची नाही, मी सांगेन तशी हळूहळू कमी करू. मनानं काही बंद करू नका."

घरी येताच सिद्धलिंगप्पा कॉटवर बसले. "डॉक्टरनं हात टेकले गं. माणूस जायला आला की औषधं कमी करतात."

"अहो, धान्याला कीड लागली म्हणून तुम्ही पोत्यात पावडर ओततच राहता काय? कीड मरंल, पण ती भाकरी खाणार कोण?"

त्यांना हसू आलं. तरी पुढचे काही दिवस ते कुरकुरले, झोपेची पुरती गोळी मागत राहिले. अक्कम्मानं गोळ्यांचा डबा कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला.

सूज उतरली. बीपी ताब्यात राहिलं. सकाळी चहा व्हायच्या आतच ते पेपर मागू लागले.

माघात अक्कलकोटला भाचीचं लग्न होतं. दोघं एसटीनं गेली. पंगतीत सिद्धलिंगप्पांनी गव्हाची गोड हुग्गी दोनदा मागून घेतली, मेव्हण्याशी कन्नडमधून ज्वारीच्या भावावर तावातावानं भांडले.

परतीच्या गाडीत अक्कम्माला खिडकीशी डुलकी लागली. तिच्या मांडीवरची पिशवी घसरायला लागली, तशी त्यांनी ती अलगद आपल्याकडे घेतली आणि सोलापूर येईपर्यंत बाहेरची शेतं बघत जागे बसले.