आत्ताच आलो

आपले व्याही खोटं बोलतायत, हे सर्व्हेअरना कळलं ते बुटांवरून.

सकाळी गोल्फच्या मैदानावर दव असतं. गाडीतून उतरून सरळ पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, आलेल्या माणसाच्या बुटांची फार तर टोकं ओली होतात. व्याह्यांचे बूट घोट्यापर्यंत भिजलेले होते, तळव्यांना कापलेलं गवत चिकटलेलं होतं, सदरा पाठीला लागला होता आणि हातमोजा घामाने काळा पडला होता.

“कधी आलात?” सर्व्हेअरनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आत्ताच आलो,” व्याही म्हणाले, आणि नीट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला बसले.

सर्व्हेअर म्हणजे विमा कंपनीचे सर्व्हेअर. उभा जन्म जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघण्यात गेला. लोक येऊन डोळ्यांत पाणी आणून आपलं नुकसान सांगत, सर्व्हेअर शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, “आग लागली तेव्हा तुम्ही नक्की कुठे होतात?” ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना शंकासुर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून थोडं आवडायचंही. निवृत्त झाल्यावर दावे संपले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. घरात दूध नासलं तरी आधी चौकशी बसायची, मग दूध ओतलं जायचं.

व्याही पेशाने भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून मऊ आवाजात “आता जरा टोचल्यासारखं होईल हं” म्हणायचं आणि भल्याभल्यांना आडवं करायचं, हे त्यांचं काम. सर्व्हेअरची एकुलती लेक चिमी व्याह्यांच्या मुलाला दिली, त्यानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी सर्व्हेअरच्या हातात गोल्फची काठी दिली. तेव्हापासून दोघांचा रविवार ठरून गेला. सर्व्हेअरना मित्र असे नव्हतेच. दर दोन वाक्यांनी उलटतपासणी घेणाऱ्याशी मैत्री करायला लोकांना काय वेड लागलंय? व्याही तेवढे टिकले, आणि या एका माणसासाठी सर्व्हेअर शनिवारी संध्याकाळीच बूट पुसून ठेवत. अर्थात हे त्यांनी कुणाला, स्वतःलासुद्धा, कधी कबूल केलं नव्हतं.

व्याही मूळचे उशिरा येणारे. काठ्यांची पिशवी एका खांद्यावर, तोंडात अर्धा ब्रेड, अशा अवतारात पहिल्या टीवर धापा टाकत पोचायचे आणि पहिला चेंडू हमखास झुडपात घालायचे. “अहो, जरा आधी या, सरावाच्या रेंजवर दोनचार चेंडू मारा, अंग मोकळं करा,” असं सर्व्हेअर कानीकपाळी ओरडत. त्यावर व्याह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “माझं अंग मुळातच मोकळं आहे, व्याही. ते आवरून धरायचीच पंचाईत.”

आणि आता हाच माणूस कुणाला पत्ता लागू न देता लवकर येऊन, घामाघूम होईपर्यंत सराव करून, वर “आत्ताच आलो” म्हणत होता. एक रविवार झाला, दुसरा झाला. दर वेळी तेच भिजलेले बूट आणि तेच उत्तर.

बरं, एवढ्या मेहनतीने खेळ सुधारला असता तर सर्व्हेअरनी एक वेळ सोडूनही दिलं असतं. पण खेळ पार बिघडला होता. हातभरावरचा चेंडू व्याह्यांच्याने भोकात जाईना. मध्येच काठी टेकवून ते लांब बघत राहत, घसा खाकरत, म्हणत, “व्याही, एक...” आणि मग, “हवा बरी आहे आज.”

शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. क्लबची वार्षिक स्पर्धा तोंडावर आली होती. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते. जितकं वाईट खेळाल तितकी सूट मोठी. म्हणजे चोरून सराव करायचा, रविवारी मुद्दाम घाण खेळून सूट वाढवून घ्यायची आणि स्पर्धेच्या दिवशी हातचं राखलेलं सगळं बाहेर काढायचं! स्वतःच गोदामाला काडी लावून भरपाई मागणारे असे किती महाभाग सर्व्हेअरनी पकडले होते. फक्त त्यांपैकी कुणी त्यांचा व्याही नव्हता. संतापापेक्षा वाईटच जास्त वाटलं. इतक्या वर्षांत ज्याच्यावर संशय घेतला नाही असा हा एकच माणूस, आणि तोही असा निघावा!

त्यांनी रेंजवाल्याला गाठलं. रेंज म्हणजे सरावाची जागा. तिथे एकेका खेळाडूसाठी फळ्यांचे आडोसे करून खण पाडलेले आणि पुढे मोकळं रान. रेंजवाला बादल्यांत चेंडू भरत होता.

“डॉक्टर हल्ली लवकर येतात काय रे?”

“येत असतील.”

“असतील म्हणजे?”

“म्हणजे साहेब, मी चेंडू गोळा करतो. माणसं नाही,” असं म्हणून तो बादली घेऊन चालता झाला. यालाही फितवलंय तर, सर्व्हेअर मनात म्हणाले.

घरी त्यांनी बायकोपुढे सगळा खटला मांडला. बूट, हातमोजा, घसा खाकरणं, रेंजवाला. ती इस्त्री करत ऐकत होती.

“झालं तुमचं?” ती म्हणाली. “मग माझं ऐका. चिमीचा फोन आला होता. दोन वाक्यं बोलली आणि ठेवून दिला. गेल्या खेपेलाही तसंच. जावयांचं विचारलं तर म्हणाली, बरे आहेत. मला नाही बाई हे लक्षण ठीक वाटत.”

“कामात असेल. बरे आहेत म्हणाली ना? मग बरेच असतील.”

“हे तुम्ही बोलताय? सगळ्या जगावर संशय घ्याल, आणि इथे असेल म्हणून मोकळे? तुम्हाला मेली फक्त त्यांच्या बुटांची पडलीय!”

सर्व्हेअरना ते लागलं, पण विचार मात्र बुटांचाच चालू राहिला.

पुढच्या रविवारी ते झुंजुमुंजू होतानाच निघाले. गाडी पंपाच्या खोलीमागे लावली, कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि मागच्या बाजूने रेंजवर आले. चेंडूवर काठी आपटल्याचा आवाज शेवटच्या खणातून येत होता. त्याच्या अलीकडच्या खणात सर्व्हेअर पालथ्या बादलीवर बसले. गुडघे करकरले. या वयात हे काय आरंभलंय, असं एकदा वाटून गेलं, पण आता मुद्देमाल हाताशी आला होता.

“व्याही, एक बोलायचं होतं,” पलीकडून आवाज आला.

सर्व्हेअर दचकले. पकडला गेलो! ते उठणार तोच फटक्याचा आवाज आला आणि चेंडू रानात गेला. व्याही चेंडूशी बोलत होते.

“व्याही, मुलांचं पटत नाही हो.” फटका. “छे. फार गुळमुळीत झालं.”

दुसरा चेंडू.

“व्याही, मुलं वेगळी होतायत. ठरलंय त्यांचं. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही, काही नाही. नाहीच जमलं.” फटका. “हं. हे बरं आहे. हे सरळ आहे.”

सर्व्हेअरनी फळीला हात टेकला. मुलं म्हणजे कोण, हे कळायला त्यांना काही क्षण लागले. एरवी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत सगळं उमगणारा हा माणूस, पण ‘मुलं’ या शब्दात आपली चिमी आहे हे त्यांना उमगेना.

मग पलीकडचा आवाज बदलला. घसा आवळून, शेवटच्या शब्दावर ठोसा दिल्यासारखा. व्याही कुणाची तरी नक्कल करत होते.

“‘कधीपासून?’ वर्ष झालं असेल. ‘असेल म्हणजे?’ म्हणजे मला तरी कुठे सांगत होती पोरं! ‘आधी कोण म्हणालं?’ दोघंही. ‘दोघं एकदम कशी म्हणतील?’ अहो... हे नाही मला सांगता येणार.” फटका. “‘आत्ता कुठे आहे ती?’ वेगळी राहते. खोली मी बघून दिली. ‘म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? मग इतके दिवस का लपवलंत?’”

इथे व्याही थांबले. पुढचं बोलले ते स्वतःच्या, त्या मऊ आवाजात.

“कारण चिमीनंच सांगितलं होतं, व्याही. म्हणाली, पपा, बाबांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते प्रश्न विचारत बसतील, आणि मला आता उत्तरं द्यायचं बळ नाहीये.”

या वेळी फटका ऐकू आला नाही.

लोक आपल्या प्रश्नांना घाबरतात हे सर्व्हेअरना आयुष्यभर माहीत होतं. पण जे घाबरतात त्यांच्याकडे लपवायला काही असतं म्हणून घाबरतात, असा त्यांचा हिशेब होता. आपली स्वतःची लेक त्या रांगेत उभी असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पोरीचं घर मोडत होतं आणि ती सासऱ्यापाशी जाऊन रडली, बापापाशी आली नाही. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली काहीतरी फार दुखलं.

“आणि व्याही,” पलीकडे पुन्हा सुरू झालं, “आता म्हणजे, आपण तसे व्याही राहणार नाही म्हणा. पण खेळायला येत जा.” जोरात फटका. “हे शेवटी. हे अगदी शेवटी म्हणायचं.”

सर्व्हेअर आले तसे कुंपणातून बाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले. डोक्यात प्रश्नांची झुंबड उडाली होती. जावयाचं नक्की काय बिनसलं? घर कुणी सोडलं? सोनंनाणं कुणाकडे? कोण खरं बोलतंय? प्रश्नांचा क्रमसुद्धा आपोआप लागत होता. त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि नेहमीची वेळ होईपर्यंत तसेच बसून राहिले.

पहिल्या टीवर व्याही उभे होते. सदरा पाठीला चिकटलेला.

“आत्ताच आलो,” कुणी न विचारता ते म्हणाले.

“हो का,” सर्व्हेअर म्हणाले.

व्याह्यांनी टीवर चेंडू ठेवला, काठी उचलली, खाली टेकवली. घसा खाकरला.

“व्याही, एक बोलायचं होतं.” ते थांबले. हजारो माणसांना धीर देत देत झोपवणाऱ्या त्या माणसाला स्वतःला मात्र धीर होईना. “हवा... हवा बरी आहे आज.”

“मी ऐकलंय सगळं,” सर्व्हेअर म्हणाले. “शेजारच्या खणात होतो. बादलीवर बसून.”

व्याह्यांनी टीवरचा चेंडू उचलून खिशात टाकला.

“सगळं म्हणजे?”

“सगळं. नक्कल बरी करता माझी.”

व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी खांदे सरळ केले, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे उभे राहिले. इतक्या रविवारांची तयारी होती. सगळी उत्तरं पाठ होती.

“विचारा,” ते म्हणाले.

मागचे खेळाडू येऊन उभे राहिले, कुणीतरी ‘चला हो’ म्हणालं. सर्व्हेअरनी त्यांना हातानेच पुढे जायला सांगितलं आणि व्याह्यांचा दंड धरून त्यांना बाजूच्या बाकावर नेऊन बसवलं.

“काहीच नाही विचारायचं?” व्याह्यांना आता वेगळीच काळजी वाटू लागली. “व्याही, बरं वाटतंय ना तुम्हाला? छातीत वगैरे काही...?”

“तिला फोन लावा,” सर्व्हेअर म्हणाले.

“ती बसलीच असेल फोनपाशी. दर रविवारी बसते. मी सांगून झाल्यावर कळवायचं असं ठरलंय, आणि दर रविवारी मी कळवतो की नाही जमलं म्हणून.” व्याह्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि कानाला लावायच्या आधीच सर्व्हेअरनी तो काढून घेतला.

पलीकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“सांगितलंत का पपा?” चिमीचा आवाज बसलेला होता. “खूप चिडले का बाबा? किती प्रश्न विचारले?”

“एकही नाही,” सर्व्हेअर म्हणाले.

पलीकडून पंखा फिरत असल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. ती कुठल्या खोलीत बसलीय, खोलीला खिडकी आहे का, काही खाल्लंय का, हे सगळं त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलं. ते त्यांनी तिथेच धरून ठेवलं, आणि जन्मात पहिल्यांदा उत्तर नाही आलं तरी चालेल असा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला.

“चिमे, मी येऊ का गं?”

ती रडायला लागली. सर्व्हेअरनी तिला थांबवलं नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. फोन कानाशी घट्ट धरून ते ऐकत राहिले.

“या, बाबा,” शेवटी ती म्हणाली. “आईलाही घेऊन या. घर पपांना माहीत आहे.”

ते शेवटचं वाक्य सर्व्हेअरनी मुकाट्याने गिळलं आणि आपल्या गाडीची किल्ली व्याह्यांच्या हातात दिली.