खालचं टोक

जिन्यावरून कपाट उतरवताना खरं वजन खालच्या माणसावर येतं. वरचा तोल सांभाळतो आणि तोंड चालवतो. आमच्या मुकादमाचा नियम होता, खालच्या टोकाला उंच माणूस हवा, म्हणजे कपाट फार कलत नाही. घरसामान हलवणाऱ्या आमच्या टोळीत सगळ्यांत उंच मी. आणि माझ्या वाट्याला काय, तर कपबश्या कागदात गुंडाळणं! टोळीत बाई मी एकटीच, आणि बाईचा हात नाजूक असतो असं मुकादमाला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

माझ्या उंचीवरून आत्याने जन्मभर माझं डोकं खाल्लं. फोटो काढताना ती मला बसवूनच ठेवायची. "एवढी ताडमाड वाढून करणार काय आहेस?" या कामाला लागले तेव्हा वाटलं, आत्याला द्यायला उत्तर सापडलं. कसलं काय!

त्या दिवशी चौथ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं होतं. ते लिफ्टमध्ये मावेना, आणि खालचं टोक धरणारा आमचा गडी पाय मुरगळून गाडीत बसलेला. मुकादमाने ऑफिसला फोन लावला.

"एक गडी पाठवा. कपाट अडकलंय."

"मी धरते," मी म्हणाले.

"तुला झेपायचं नाही, पोरी."

"मग आज बघूनच टाका. नाही झेपलं तर पुन्हा विचारणार नाही. जन्मभर कपबश्या गुंडाळीन."

बोलून तर बसले. आता मागे फिरायची वाट मी स्वतःच बंद केली होती.

मुकादमाने कमरेचा पट्टा माझ्याकडे फेकला. खालचं टोक धरणाराच तो बांधतो. "सैल होईल तुला," तो म्हणाला आणि पुन्हा फोनकडे वळला. मी पट्टा कसला. घट्ट बसला.

वरच्या टोकाला आमच्या टोळीतला पैलवान होता. अंगाने ठेंगणा, खांदे दरवाजाएवढे, स्वभाव लोण्यासारखा. एक मजला नीट उतरलो. पुढचा उतरताना कपाट डगमगायला लागलं. माझ्या हातात वजनच लागेना.

"पैलवान, काय करतोयस?"

"काही नाही, ताई. थोडं मी ओढून घेतोय. तुला त्रास नको."

भला माणूस, पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तो वर ओढायचा आणि माझी पकड सुटायची. वळणावर पत्रा भिंतीला खरवडला, पैलवानाचा पाय पायरीच्या कडेवरून घसरला. जेमतेम सावरला.

"झालं! टेकवा खाली," मुकादम वरून ओरडला. "सांगितलं होतं ना, झेपायचं नाही!"

"टेकवायचं नाही," मी म्हणाले. "पैलवान, ओढू नकोस. वजन सोड माझ्याकडे. सगळं."

"अगं ताई, पण..."

"दया खाली गेल्यावर कर. आता सोड!"

त्याने सोडलं. खांद्यांपासून टाचांपर्यंत सगळं वजन एकदम आलं, गुडघे करकरले. मी घाबरले, खोटं कशाला बोलू? पण कपाट डगमगायचं थांबलं. या टोळीत माझ्यावर पहिल्यांदाच कुणी पुरता भार टाकला होता, आणि मी उभी होते. मला हसूच यायला लागलं.

"चल," मी म्हणाले. मग मी सांगेन तशी एकेक पायरी आम्ही उतरलो.

कपाट गाडीत चढलं. मुकादमाने ऑफिसला कळवलं, "गडी नको. उतरलं." जसं काही कपाट आपल्याच पायांनी चालत आलं होतं!

मी पट्टा काढून मुकादमाला दिला. तो गाडीतल्या खुंटीला अडकवता अडकवता थांबला. पट्ट्याला एक जास्तीचं भोक होतं, बाकीच्यांपेक्षा बरंच आतल्या बाजूला.

"हे कुणी पाडलं?"

"मी. तापवलेल्या खिळ्याने."

"आज?"

"नाही. तुम्ही मला पहिल्यांदा कप गुंडाळायला बसवलंत ना, त्याच संध्याकाळी."

मुकादमाने त्या भोकावरून अंगठा फिरवला. मग त्याने पट्टा पुन्हा माझ्या हातात दिला.

"पुढच्या घरी फ्रिज आहे," तो म्हणाला. "बांधूनच बस."

गाडीत माझ्या जागेवर कपबश्यांच्या कागदाचा गठ्ठा पडला होता. पैलवानाने तो उचलून आपल्या मांडीवर घेतला.